चाचीला सांगितलंस, मला नाही

प्रिय ताई,

दवाखान्याच्या खाटेवरून लिहिते आहे. आज माझं डोहाळजेवण होतं. सकाळपासून डोकं ठणकत होतं. आईनं विचारलं, "काय झालं वं?" आणि माझ्या तोंडात तुझंच उत्तर आलं, "काई नाई." ते गिळलं आणि इथे आले. रक्तदाब वाढलेला निघाला. ठेवून घेतलंय.

इतकी वर्षं तुला एक ओळ लिहिली नाही. तुझ्यावर रागावले आहे, हे मला आज कळलं.

तुझ्या वेळी सिस्टरनं माझ्यासमोर सांगितलं होतं. संध्याकाळी पाय सुजले तर पायांखाली उशी घे, डाव्या कुशीवर झोप. पण तोंड-हात सुजले, डोकं दुखायचं थांबेना, नजर धुरकट झाली, तर वाट पाहू नको, लगेच ये. तू मान हलवलीस. म्हणजे तुला माहीत होतं!

रोज झोपताना मी विचारायचे, "ताई, डोकं दुखते काय?"

"नाई वं. पण तू असंच खात राह्यली तं दुखीन!"

मी हसायचे. एकाच अंथरुणावर झोपत होतो ना आपण?

तुझ्या डोहाळजेवणाच्या आदल्या दिवशी नूरबी चाची तुला हिरव्या बांगड्या भरायला आली. मी आत पुरण वाटत होते.

"पोरी, हात काऊन सुजले?"

"हात नाई, चाची, तुमच्या बांगड्याच आटल्या!"

मला एवढंच ऐकू आलं. मग तुम्हा दोघींचं हसणं.

तुझं तेरावं झाल्यावर चाची आपल्या घरी येऊन दारात बसून रडली, तेव्हा कळलं. तू हळूच तिला म्हणाली होतीस, "डोकं फुटून राह्यलं. बांगड्याबी धुरकट दिसून राह्यल्या. घरात सांगू नका. दवाखान्यात गेली तं ठेवून घेतीन, अन् उद्या नांदुऱ्याहून सासरची माणसं येऊन राह्यली." वर तिला कसम घातलीस. चाची कसम मोडणार नाही, हे ओळखूनच ना?

दुसऱ्या दिवशी फुलांचे दागिने घालून झोपाळ्यावर बसलीस. फोटोत हसते आहेस. पंगत उठायच्या आत झटके आले. मेहकरच्या दवाखान्यात पोचेपर्यंत तू शुद्धीवर नव्हतीस. लेक वाचली.

कुणासाठी गं? आज माझ्याशिवाय बायका जेवल्या, सुपारी घेऊन घरी गेल्या. कुणाचं काही अडलं नाही.

सगळे नशीब म्हणाले. मीही म्हणत राहिले. ताई, तू माझ्याशी खोटं बोललीस.

तुझी चिऊ आता शाळेत जाते. आई कशानं गेली, विचारते. आजी सांगते, देवाला आवडली.

मी तसं सांगणार नाही. ती समजण्याजोगी झाली की तू काय लपवलंस, ते सगळं सांगेन. तिनं तुझ्यावर रागवावं, खुशाल. तिनं गप्प राहू नये.

तुझी,
सुमी