छबू, आणि पुढे तुमचं नाव

आबा, तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली आणि तुमच्यावर मी पहिल्यांदा चिडले ती गेल्या महिन्यात, एका मंगळवारी सकाळी, मेथी निवडताना. इतका उशीर झाला याला कारण तुम्हीच आहात. तुम्ही ती गोष्ट इतकी नीट झाकून ठेवली होती की तुमच्या दिवसकार्याला, तुमच्या फोटोला हार घालताना, दर वर्षी पितृपंधरवड्यात तुमच्या आवडीची अळूची भाजी करताना मला कधी शंकासुद्धा आली नाही. बाकी सगळ्यांवर चिडून झालं, तुम्ही तेवढे राहिला होतात.

झालं असं. लेक बाळंतपणाला माझ्याकडे आली आहे. हिंजवडीत नोकरी करते, तुम्ही तिला शाळेत जातानाच पाहिलं. तिथली सवय म्हणून असेल, पण बाळाच्या नावासाठी तिने लॅपटॉपवर तक्ताच मांडला होता. एका रांगेत नाव, पुढे मधलं नाव, पुढे आडनाव, आणि शेवटी मोठ्याने म्हणून कसं वाटतं त्याचे गुण. मधलं नाव म्हणजे आता नुसतं बापाचं नाही हं आबा, आधी आईचं, मग बापाचं, आणि सगळी एकापुढे एक नीट बसली पाहिजेत. मी म्हटलं, अगं, नाव ठेवतेस का पडदे शिवतेस? ती म्हणाली, "आई, तुला नाही कळायचं. आता जुनी घरगुती नावं परत आलीयेत. आजीपणजीला हाक मारायचे ना, तसली. एकदम व्हिंटेज." आणि वाचायला लागली. ठमा. चिमा. बनू. मनू. आणि मग, "छबू! किती क्यूट आहे ना! कोणाचं असेल गं?"

माझ्या हातातली काडी हातातच राहिली. लेकीला माहीत नव्हतं. मी कधी सांगितलंच नव्हतं, नवऱ्यालासुद्धा बजावलं होतं की ते नाव या घरात काढायचं नाही. समोर सासूबाई बसल्या होत्या. शहाऐंशी वर्षांच्या, कान तिखट, जीभ त्याहून. त्या जपमाळ खाली ठेवून म्हणाल्या, "कोणाचं काय विचारतेस? तुझ्या आईचं आहे ते."

आबा, तुम्हाला तो शाळेचा दिवस आठवतो का? आपल्या मांजरी गावातली शाळा, मी सहा वर्षांची, तुम्ही धुतलेलं धोतर नेसून आलेले. गुरुजी टाक बुडवून विचारतात, नाव काय? छबू. गुरुजी हसतात. "हे लाडाचं झालं. खरं सांगा. नसेल तर मी ठेवतो, शालिनी लिहू का कुसुम?" आणि तुम्ही, जे तलाठ्यासमोर मान वर करत नव्हता, ते तुम्ही म्हणता, "खरं हेच हाय. माझ्या आईनं ठिवलंय. लिवा." गुरुजी लिहितात. तुम्हाला धड वाचता येत नव्हतं, म्हणून तुम्ही ते दोनदा वाचून घेतलंत. छबू, पुढे तुमचं नाव, पुढे आडनाव. "कसं शेजारीशेजारी बसलंय बघ," म्हणालात, आणि येताना मला खांद्यावर घेऊन आलात. वर्गात पोरी मला चिडवायच्या, पण मला काही वाटायचं नाही. माझं नाव माझ्या बापाने भांडून लिहून घेतलं होतं.

म्हणून तर मी तुम्हालाच सांगितलं होतं. लग्न ठरलं तेव्हा मी तुमच्याबरोबर मंडईत यायची, आपल्या भाजीच्या गाळ्यावर कोथिंबिरीवर पाणी मारत बसायची. स्थळ पुण्यातल्या कसब्यातलं, सासरे कचेरीत, घरात सगळे शिकलेले. मला माणसं आवडली होती. भीती एकाच गोष्टीची होती, की लग्नात ताटात तांदूळ पसरतात, नवरा अंगठीने त्यावर बायकोचं नवं नाव लिहितो, पेढे वाटतात, आणि झालं, जुनी मुलगी संपली. मी म्हटलं, "आबा, माझं नाव बदलायचं नाही. तुम्ही सांगाल ना त्यांना?" तुम्ही गिऱ्हाइकाला मिरच्या देत होतात. माझ्याकडे न बघता म्हणालात, "सांगितलं म्हनून समज." मी समजले. मी किती वेडी होते हो!

गिरिजा. ह्यांचं नाव महादेवाचं, म्हणून मी गिरिजा, जोडी शोभते म्हणे. ह्यांनी तांदळात लिहिलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि मी पेढा तोंडात धरून बसले. नाव वाईट नाही, चांगलंच आहे, देवीचं आहे. फक्त ते माझं नव्हतं. आठ दिवसांनी तुम्ही मला न्यायला आलात तेव्हा दारातच मी तुमच्या गळ्यात पडून रडले. तुम्ही टोपी काढून तिच्यातच बघत राहिलात. "काय करायचं बाई, त्येंच्या घरची रीत." माहेरी आल्यावर आईने छबू म्हणून हाक मारली तर तुम्ही तिलाच दटावलंत, "गिरिजा म्हन. तोंडाला सवय लागू दे." मला वाटलं, माझ्या बापाचं काळीज फाटलंय, पण व्याह्यांपुढे बिचाऱ्याचं काही चालत नाही. बिचारा! तुमची कीव करत होते मी, आबा.

आणि त्याची शिक्षा सासूबाईंना. चौतीस वर्षं. मी उलट बोलले नाही, जेवण वेळेवर दिलं, दुखण्यात पाय चेपले, पण माया म्हणून केलं नाही. लेकीच्या बारशाला त्यांनी एक नाव सुचवलं तर मी चार बायकांत म्हटलं, "एकीचं नाव बदलून झालं ना? आता माझ्या पोरीचं मी बघते." त्यांनी पाळण्याची दोरी ओढायला घेतली. मला वाटलं, बरी जिरली.

त्या मंगळवारीही मी तेच केलं. म्हटलं, "हो, माझंच होतं. तुम्ही काढून घेतलंत." लेक घाबरून एकदा माझ्याकडे, एकदा आजीकडे बघायला लागली. सासूबाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला. मग म्हणाल्या, "आता मी किती दिवसांची आहे! मरताना तुझं ओझं कशाला नेऊ? तुझे वडील लग्नाच्या आठ दिवस आधी आले होते. मेथीच्या जुड्या घेऊन. मी म्हटलं, मुलीचं नाव गोड आहे, राहू दे, आमच्यात कोणाला नाव बदलायची हौस नाही. तर हात जोडून म्हणाले, नको, गावठी नाव आहे, तुमच्या घरात शोभायचं नाही, लोक हसतील पोरीला. जावईबापूंच्या नावाला जुळणारं ठेवा. गिरिजा त्यांनीच सुचवलं. कोणा भटजीला विचारून आले होते. आणि जाता जाता म्हणाले, तिला सांगू नका, माझ्यावर रुसंल."

माझ्यावर रुसंल! म्हणून दुसऱ्या बाईवर रुसू दिलंत? चौतीस वर्षं? मी त्यांना म्हटलं, मग तुम्ही का नाही बोललात? तर म्हणाल्या, "शब्द दिला होता. आणि तू विचारलंस कधी?" जपमाळ उचलली आणि पुढचा मणी ओढला.

आबा, तुम्हाला माझी लाज वाटली. हे मी चार वेळा लिहून खोडलं, पण दुसरा शब्द सापडत नाही. गुरुजींपुढे ताठ उभा राहिलेला माणूस कसब्यातल्या दिवाणखान्यात, सोफ्याच्या कडेला बसल्यावर वाकला. हसतील म्हणालात. कोण हसलं असतं? जिला तुम्ही घाबरलात ती बाई गोड म्हणत होती. तुम्ही माझं नाव मला न विचारता देऊन टाकलंत, वर ते त्यांनी हिसकावलं असं मला सांगितलंत, आणि मी ते खरं मानून तुमच्या खांद्यावर रडले. आज तुम्ही असता तर मी भांडले असते, मंडईत, सगळ्या गाळेवाल्यांसमोर. फोटोशी काय भांडायचं? फोटोत तुम्ही टोपी घालून सरळ माझ्याकडे बघता.

लेक म्हणाली, नको वाटत असेल तर दुसरं ठेवू. मी तीन दिवस नाही म्हणत होते. तुम्हाला जे शोभलं नाही ते आता हिंजवडीतल्या लोकांना गोड वाटतं म्हणून फुकट द्यायचं का, असं वाटायचं. मग सासूबाईच म्हणाल्या, "ठेव की. ऐकायला तरी मिळेल." मी हो म्हटलं, मुलगी झाली तर. त्यांची माफी मात्र अजून मागितलेली नाही. रोज चहा देताना मागीन म्हणते, आणि साखर कमी आहे का विचारून परत येते.

मुलगी झाली, आबा. परवा बारसं आहे. छबू, पुढे लेकीचं नाव, पुढे जावयाचं. तक्त्यात गुण पैकीच्या पैकी. कानात नाव सांगायचा मान आत्याचा, जावयाची बहीण त्यासाठी सुट्टी घेऊन येते आहे.

पण एक सांगते. आज सकाळी लेक अंघोळीला गेली होती, बाळ माझ्या मांडीवर, कोवळ्या उन्हात. घरात कोणी बघत नव्हतं. मी वाकून तिच्या कानात म्हटलं, छबू. चौतीस वर्षांनी तोंडातून काढलं. तेवढ्यावर थांबायचं होतं मला. लेकीचं नाव घ्यायचं होतं निदान. पण जीभ थांबली नाही, शाळेत हजेरीला उभी राहून म्हणायचे तसं पुढे तुमचं नाव आलं, मग माहेरचं आडनाव. मी अजून तुमच्यावर रुसलेलीच आहे. पण बाळाच्या कानात छबूच्या पुढे पहिल्यांदा गेलं ते तुमचंच नाव, आणि हे मी घरात कोणालाही सांगितलेलं नाही.