अबू सालिमचं जाळं

अब्बांना मुबीनचा जेद्दाहून सलाम. मी खुशाल आहे. अम्मीचा गुडघा कसा आहे?

काल कामावर, कंपनीच्या समुद्रात मासे पाळायच्या पिंजऱ्याखाली बुडी मारली. तळाशी कुजलेल्या खाद्याचा चिखल, आणि नांगराच्या दोरात इथल्या म्हाताऱ्या मच्छीमाराचं, अबू सालिमचं जाळं अडकलेलं. सुपरवायझर म्हणाला, "काप, खलास!" मी ते सोडवून त्याला नेऊन दिलं. त्यावरून त्याने माझा इकामा, इथे राहायचा परवाना, काढून घेतलाय. तुम्ही काळजी करू नका.

अबू सालिम जाळं चाचपत म्हणाला, "हे आणलंस बेटा, पण तुमच्या पिंजऱ्यांच्या घाणीने गेलेले मासे कुठून आणशील?"

आपल्या खाडीतही पिंजरे टाकायला कंपनीवाले आलेत म्हणे. तुमचाच मुलगा हे काम करतो, असं ते सांगतील. तरीही त्यांच्या कागदावर सही करू नका.

तुमच्या दुआंवर तगलेला,
मुबीन