किटलीला टर्बो लावायचा नाही

क्रेग-अ-व्रानच्या डोंगरी शर्यतीत चौदाशे सीसीच्या आतल्या गाड्या चालवणाऱ्या माझ्या मंडळींनो,

आपल्याला सकाळी सगळ्यांच्या आधी का सोडतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. रस्त्यावर दव असतं, ओली पानं चिकटलेली असतात, मेंढ्यांनी आपली खूण ठेवलेली असते. ते सगळं आपल्या टायरांनी पुसून निघालं की दुपारच्या कोरड्या रस्त्यावरून मोठ्या गाड्या वर जातात आणि विक्रम त्यांच्या नावावर लागतात. टाळ्याही त्यांना, करंडकही त्यांना. मृत्युपत्र माझं असलं तरी हे गाऱ्हाणं आपलं सगळ्यांचं आहे. म्हणून हे वकिलाच्या खोलीत वाचायचं नाही. मी गेल्यानंतरच्या पहिल्या सरावाच्या दिवशी, चहाच्या तंबूत, सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायचं.

मी, नेस्टा मेअर प्रॉसर, वय वर्षे चौऱ्याहत्तर, राहणार नऊ, चॅपल रो, पॉन्टव्रान, कै. एल्विन प्रॉसर यांची पत्नी, काउंटीच्या फिरत्या वाचनालयाच्या गाडीची निवृत्त चालक, जाहीर करते की माझं डोकं ठिकाणावर आहे. हृदय नाही. ते तपासणारे डॉक्टर पहिली गोष्ट लेखी द्यायला तयार आहेत. याआधी केलेलं मृत्युपत्र मी रद्द करते. हे कोणाच्याही दडपणाखाली लिहिलेलं नाही. माझ्यावर दडपण आणायचा प्रयत्न केलेले लोक अजून हयात आहेत, त्यांना विचारावं.

या मृत्युपत्राची व्यवस्थापक म्हणून मी माझी मुलगी लॉरी हिला नेमते. ती नर्स आहे, रडणाऱ्या माणसांशी कसं बोलायचं ते तिला कळतं.

घर. चॅपल रोवरचं घर लॉरी आणि माझा मुलगा हेफिन यांना अर्धं-अर्धं. गॅरेजची पाहुण्यांसाठी खोली करायची नाही. त्या गॅरेजात एल्विनने गाड्या बांधल्या आणि मी पुस्तकं ठेवली. समुद्र बघायला आलेल्या लोकांनी तिथे झोपायचं काही कारण नाही.

पुस्तकं. काउंटीने वाचनालयाची गाडी बंद केली, तेव्हा फेकायला काढलेली पुस्तकं मी उचलून आणली. ती चोरी होती असं कोणाचं म्हणणं असेल, तर मी आता खटल्याच्या पलीकडे आहे. गाडी बंद कशी केली ते मात्र ऐका, कारण पुढे ते उपयोगी पडणार आहे. आधी त्यांनी थांबे कमी केले. वरच्या वाडीचा थांबा गेला, खाणीजवळचा गेला. मग म्हणाले, “मिसेस प्रॉसर, वाचकच उरले नाहीत हो!” मी सभेत उभी राहून विचारलं, “विहिरीचा दोर तुम्ही कापलात, आणि आता गावाला तहान नाही म्हणता?” टाळ्या पडल्या. गाडी गेलीच. टाळ्यांनी काही वाचत नाही, हे मी त्या दिवशी शिकले. पुस्तकं शर्यतीच्या पॅडॉकमध्ये, आपल्या गाड्या उभ्या असतात तिथे, न्यावीत. ज्याला हवं त्याने न्यावं, वाचावं, आणावं.

आता किटली.

किटली म्हणजे माझी तेराशे सीसीची निसान मायक्रा. रंग चहात दूध जास्त झाल्यासारखा. एल्विनने ती मला चॅपलला जायला घेतली होती. तो गेल्यावर मी तिला डोंगरावर नेलं. पहिल्या वर्षी फाटकावरचा माणूस म्हणाला, “आजी, गाड्या बघायला आलेल्यांचं पार्किंग खाली आहे.” मी म्हटलं, “बाळा, मग तू खाली जाऊन मला वर जाताना बघ.”

एका गाडीत दोन चालक ही आपल्या डोंगराची रीत. सकाळी मी वर जाते, खाली येते, सीट पुढे सरकवते, आणि लॉरी त्याच किटलीत बसून मला हरवायला निघते. हरवतेसुद्धा.

किटलीचं इंजिन आता थकलं आहे आणि माझी मुलं तीन वर्षं एकाच प्रश्नावर भांडत आहेत: टर्बो की थ्रॉटल बॉडी? गेल्या नाताळातलं बोलणं मी जसंच्या तसं देते.

हेफिन म्हणाला, “टर्बो लाव. ताकद दीडपट. तेवढ्याच पैशात थ्रॉटल बॉडी काय देणार? नुसता आवाज!”

लॉरी म्हणाली, “आवाज नाही रे, उत्तर. पाय दाबला की त्या क्षणी. तुझा टर्बो आधी अर्ज मागतो, मग मंजुरी देतो.”

“तुला वळणावर ब्रेकवर बसायची सवय. तुला काय कळणार ताकद?”

“आणि तुला वळणच दिसत नाही. मागच्या वर्षी मेंढ्यांचं कुंपण कोणी भरून दिलं?”

“आई, हिला सांग!”

“आई, ह्याला बटाटे वाढ, तोंड बंद राहील.”

मी बटाटे वाढले आणि माघारी दोन्ही बाजू नीट अभ्यासल्या. टर्बो म्हणजे बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर फिरणारा पंखा. तो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. थ्रॉटल बॉडीत कोणी काही कोंबत नाही. चारही सिलिंडरना एकाच नळीतून श्वास घ्यावा लागतो, त्याऐवजी प्रत्येकाला स्वतःचं नरडं मिळतं. हेफिनचं एक खरं आहे. सरळ रस्त्यावर टर्बोला तोड नाही. पण क्रेग-अ-व्रानवर सरळ रस्ता आहे कुठे? मी हेफिनची निळी टर्बो गाडी तिथल्या मोठ्या वळणावर चालवून पाहिली. पाय दाबला. गाडी विचार करत बसली. तिचा विचार पक्का झाला तेव्हा मी कडेला रचलेल्या गवताच्या भाऱ्यांत होते. हेफिन धावत आला आणि पहिलं वाक्य म्हणाला, “बंपर!” त्याला मी माफ केलं आहे. मृत्युपत्रात लिहून ठेवते आहे, म्हणजे किती माफ केलं आहे ते कळावं.

पण माझा निर्णय गवताच्या भाऱ्यांवरून झालेला नाही.

नियम असा, की टर्बो असलेल्या इंजिनाचं माप एक पूर्णांक चार दशांश पट धरायचं. म्हणजे टर्बो लावला की किटली अठराशेच्या जवळ जाते आणि मोठ्या गाड्यांच्या गटात पडते. हेफिनची निळी गाडी तिथेच पडली. तो किटलीपेक्षा चार सेकंद लवकर वर पोचला आणि त्या गटात शेवटचा आला. मी विचारलं तर म्हणाला, “शेवटचा, पण मोठ्यांत शेवटचा!”

हेफिन, राजा, मोठ्यांच्या रांगेत शेवटी उभं राहायला मिळालं म्हणून टोपी काढणारी माणसं मी जन्मभर पाहिली. त्यांच्यासाठी पुढचा कोणी सरकलेला मी एकदाही पाहिला नाही.

क्लबचा दुसरा नियम तुम्हा सगळ्यांना पाठ आहे. गटात पाच चालक नसतील, तर तो गट वरच्या गटात विलीन. आपल्या गटात पाच नावं आहेत: इफॅन, ओशियन, मॉर्गन, लॉरी आणि मी. मी गेले की चार. किटलीला टर्बो लावला की लॉरीही जाते, उरतात तीन. मग वार्षिक जेवणाला कोणीतरी उभं राहून हळहळेल, “काय करणार, छोट्या गाडीवालेच उरले नाहीत हो!” हे वाक्य मी एकदा ऐकलेलं आहे.

तुम्ही दोघं तीन वर्षं विचारत होतात की जास्त वेग कशात आहे. मी विचारते, आपल्या माणसांजवळ ठेवणारं इंजिन कुठलं?

म्हणून किटली लॉरी आणि हेफिन या दोघांच्या नावे, पुढील अटीवर: तिला थ्रॉटल बॉडी बसवाव्यात. मोडीत निघालेल्या मोटारसायकलच्या चार मी मिळवून, धुऊन, माझ्या पलंगाखाली केकच्या डब्यात ठेवल्या आहेत. जोडणी मॉर्गनने करावी. बँकेतली शिल्लक आधी त्या कामावर, मग टायरांवर, उरेल ते दफनावर खर्चावी. हाच क्रम. टर्बो लावल्यास किटलीवरचा दोघांचा हक्क संपेल आणि चौदाशेच्या गटात नाव घालायला तयार असलेल्या कुठल्याही नवख्या माणसाला ती द्यावी. शेडमध्ये खोक्यात पडलेला टर्बो हेफिनचा आहे. तो त्याने आपल्या निळ्या गाडीसाठी जपून ठेवावा, माझ्या आशीर्वादासह.

क्लबचे अध्यक्ष मेजर रोडरिक लॉइड-पॅरी यांनी भर जेवणात म्हटलं होतं, “छोट्या गाड्या हव्यातच. नाहीतर आमच्यासाठी रस्ता कोण झाडणार?” सगळे हसले. मीही हसले, तोंडात पुडिंग होतं म्हणून, नाहीतर बोलले असते. मेजरसाहेबांना मी माझा अंगणातला खराटा देते. दांडा नवा आहे. आमच्यानंतर रस्ता त्यांनाच झाडावा लागेल, आतापासून सवय असू द्यावी.

साक्षीदारांना कायद्याने काही देता येत नाही, म्हणून इफॅन आणि ग्लेनिस यांना मी काहीही देत नाही. इफॅनने माझा जॅक परत आणावा.

हेफिन, शेवटचं तुझ्याशी. तू निळ्या गाडीतून भर्रकन वर जातोस तेव्हा मला अभिमान वाटतो आणि तू खाली परत येताना आमच्या तंबूसमोर काच वर करतोस तेव्हा तुझ्यासाठी ओतलेला चहा मीच पिते. किटलीत आता रिकामी आहे ती शेजारची सीट नव्हे, दुसऱ्या चालकाची जागा. सीट मागे सरकव, तुझे पाय तुझ्या बापासारखे लांब आहेत. बहिणीला हरवून दाखव. ती हरायची नाही, पण दाखव तरी.

नावनोंदणीचा कागद ग्लेनिसच्या चहाच्या टेबलावर, बिस्किटांच्या बरणीला टेकवून ठेवलेला असतो. आता तो तुझ्या उजव्या हाताला आहे. चौदाशेच्या गटाखाली चार नावं दिसतील. ऊठ, आणि पाचव्या ओळीत तुझं नाव लिही.

सही: नेस्टा मेअर प्रॉसर

आम्ही दोघांनी एकाच वेळी हजर राहून वरील सही होताना पाहिली व तिच्यासमोर आपापल्या सह्या केल्या.

साक्षीदार १: इफॅन बेडो, टायरवाला, पॉन्टव्रान (जॅक आणून दिला आहे.)
साक्षीदार २: ग्लेनिस पास्क, चहाचा तंबू, क्रेग-अ-व्रान

ठिकाण: पॉन्टव्रान, वेल्स
दिनांक: ३ मार्च २०१९