ड्वालेनीचा अकरा किलोमीटर रस्ता

ड्वालेनी,
१४ ऑक्टोबर

प्रिय मंगालिसो,

'प्रिय' लिहिताना हात अडखळला. पण चाळीस वर्षांची सवय एका समन्सने मोडत नाही, म्हणून राहू दिलं. समन्स घेऊन आलेल्या बाईने दारातच विचारलं, "तक्रारदार तुमच्या ओळखीचे आहेत का?" मी म्हणालो, माझ्या बायकोचा सख्खा भाऊ. तिला वाटलं म्हातारा थट्टा करतोय. मग तिने आत खुर्चीत बसलेल्या तुझ्या बहिणीकडे, नोझिबेलेकडे पाहिलं आणि कागद माझ्या हातात देऊन निघून गेली. कागदावर लिहिलंय, मी सरकारी यंत्र चोरलं. रस्ता सपाट करणारा चौदा टनांचा ग्रेडर. जणू खिशात घालून नेला. तीन दिवस तो अख्ख्या गावाच्या डोळ्यांसमोर, भर उन्हात, सरकारच्याच रस्त्यावर सरकारचंच काम करत होता, आणि त्याला तू चोरी म्हणतोस. हे पत्र मी तिसऱ्यांदा लिहितोय. पहिली दोन नुसत्या शिव्यांनी भरली होती, ती चुलीत घातली. यातही काही राहिल्या असतील तर वाच. तुझ्या हक्काच्या आहेत.

आपण दोघांनी एकाच दिवशी फावडं हातात घेतलं होतं, आठवतं? मुकादम जोब म्दिंगीच्या टोळीत. काम संपलं की म्हातारा आपला पत्र्याचा मग भरून रस्त्याच्या मधोमध ओतायचा आणि गुडघ्यावर बसून बघत राहायचा. पाणी दोन्ही बाजूंच्या चरांत उतरलं तर सुट्टी, जागच्या जागी थांबलं तर पुन्हा फावडी. तू कुरकुरायचास. तो म्हणायचा, "पाणी कुठं जातंय ते बघा, बाकीचं मला सांगू नका." मी तेवढं एकच शिकलो आणि त्यावर सत्तावीस वर्षं ग्रेडर चालवला. तू परीक्षा दिल्यास आणि रस्तेखात्यात अधिकारी झालास. बाभळीखाली बसून तू पुस्तकं वाचायचास तेव्हा तुझ्या वाटणीचा मुरूम मी पसरायचो, आणि मला त्याचं काही वाटायचं नाही, कारण दुपारी तुझा डबा घेऊन तुझी बहीण यायची. तीन महिने मी तिच्याशी एक शब्द बोललो नाही. शेवटी तिनेच तुला सगळ्यांसमोर विचारलं, "दादा, तुझ्या या मित्राला तोंड आहे, की नुसतंच फावडं दिलंय देवाने?" टोळी आठवडाभर मला फावडं म्हणत होती. असं बोलणं होतं तिचं. चर्चमध्ये ती गायला लागली की पलीकडच्या टेकडीवरची गुरं मान वर करायची, असं तूच आमच्या लग्नात भाषणात सांगितलं होतंस.

नव्या महामार्गाला माझा विरोध नव्हता, हे तुला ठाऊक आहे. आमच्या टेकडीवरून तो पूल दिसतो. दरीवर तारांनी टांगलेला, खाली ढग. आयुष्यभर रस्ते केलेला माणूस मी, पहिल्यांदा पाहिला तेव्हा डोळे भरून आले. माणसं असंही बांधू शकतात! पण त्या महामार्गाखाली जो मुरूम पसरलाय तो आमच्या टेकडीचा आहे. दीड वर्ष रोज चाळीस डंपर आमच्याच रस्त्याने गेले. ज्या रस्त्यावर जास्तीत जास्त भाजीचा पिकअप आणि दोन टॅक्सी चालायच्या, त्यावरून! मोऱ्या फुटल्या, चर बुजले, रस्त्याची पाठ पार मोडून त्याची घमेल्यासारखी खोलगट वाट झाली. तेव्हा तू मुखियाच्या अंगणात कंत्राटदाराच्या साहेबाशेजारी उभा राहून सांगितलंस की काम संपलं की तुमचा रस्ता पहिल्यापेक्षा चांगला करून देऊ. म्हाताऱ्या नोफिकिलेने विचारलं होतं, "पहिल्यापेक्षा म्हणजे कधीच्या? तुझ्या बापाच्या वेळच्या?" सगळे हसले. तूही हसलास. मी तुझी बाजू घेतली, मंगालिसो. घरोघर जाऊन सांगितलं की तो आपला माणूस आहे, शब्द पाळेल.

डंपर गेले. साहेब गेले, त्यांच्या पत्र्याच्या खोल्याही गेल्या. रस्ता कोणी करायला आलं नाही. मी निवृत्त झालो तेव्हा माझा ग्रेडर चालू होता. नंतर ऐकलं की तो आगारात उभा आहे, आधी टायर नाही म्हणून, मग तेलाचा पाइप फुटला म्हणून. मी तुला सहा वेळा फोन केला. आधी म्हणालास, पाइप मागवलाय. मग म्हणालास, मंजुरी यायचीय. शेवटच्या वेळी म्हणालास, "झोलिले, तुझा रस्ता कागदावर आहे, काळजी करू नकोस." मला वाटलं कागदावर म्हणजे यादीत आहे, नंबर लागेल. मी खुळ्यासारखा नोझिबेलेला जाऊन सांगितलं.

फेब्रुवारीतल्या, ऐन पावसाळ्यातल्या त्या गुरुवारचं तुला कोणीतरी सांगितलं असेलच, पण मी सांगितलेलं नाही, म्हणून आता ऐक. बायकांची प्रार्थना होती. ती चर्चच्या गणवेशात, लाल ब्लाउज आणि पांढरी टोपी घालून, तिसऱ्या रांगेत. गाण्याच्या मध्येच तिचा आवाज घसरला. बायकांना वाटलं खोकला आला. मग तिचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं आणि ती बाकावरून खाली गेली. परिचारिका नोमालुंगा तिथेच होती म्हणून लगेच कळलं की मेंदूचा झटका आहे, आणि लगेच फोन झाला. अँब्युलन्सही वेळेत आली, पण डांबरी रस्त्याच्या टोकापर्यंतच. फुटलेल्या मोरीपुढे गाडी येईना. चालक चिखल तुडवत चालत पुढे येऊन बघून गेला, रडकुंडीला आला होता बिचारा. त्याला मी दोष देत नाही. आम्ही तिला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गादीवर निजवलं. अकरा किलोमीटर. दोनदा ट्रॉली रुतली, दोनदा गावाने तिला खांद्यावर घेऊन वाहून पलीकडे नेलं. तीन तास. तिचे डोळे उघडे होते, आणि सगळ्या वाटेवर समोर तुमचा पूल दिसत होता. इस्पितळातली डॉक्टर मुलगी चांगली होती, तिने हात धरून सांगितलं, गुठळी विरघळवायचं औषध असतं, पण ते झटका आल्यापासून काही तासांतच द्यावं लागतं, आजोबा, तुम्ही त्यानंतर पोचलात. उजवी बाजू गेली. वाचा गेली. आता दिवसाला चार-पाच शब्द येतात, तेही ओळखून घ्यावे लागतात. मी तिला लापशी भरवतो, केस विंचरतो, आणि ती माझ्याकडे बघत राहते, काहीतरी झणझणीत बोलायचं असल्यासारखी.

तू आला नाहीस. आठ महिने. तुझ्या ड्रायव्हरच्या हाती एकदा साखर आणि पिठाचं पोतं पाठवलंस. तो मोरीपाशी पोतं ठेवून परत गेला, कारण तुझी गाडीही पुढे येईना. पोतं मी घेतलं नाही. नोफिकिलेच्या शेळ्यांनी खाल्लं.

सप्टेंबरात, कोरडा हिवाळा संपताना पहिली हलकी सर आली. तुला ठाऊक आहे, मुरूम जरा ओला असतो तेव्हाच ग्रेडरचं पातं नीट चालतं. वाळला की नुसती धूळ उडते, आणि मोठा पाऊस लागला की संपलंच. मी आगारात गेलो. ग्रेडर कुंपणाकडेला उभा, सीटखाली कोंबडीने अंडी घातलेली. एक पाइप. एवढ्या एका पाइपसाठी दोन वर्षं! मी तो शहरातून आणला आणि राखणदारासमोर बसवला. तो म्हणाला, "काका, मी तुम्हाला पाहिलं नाही." मी म्हणालो, "नीट बघ, आणि वहीत माझं नाव लिही." त्याने लिहिलं. ते पान तुझ्या साहेबांनीच कोर्टात दिलंय.

तीन दिवस, मंगालिसो. हात काही विसरले नव्हते. बायकांनी मोऱ्यांची तोंडं कुदळीने मोकळी केली, गड्यांनी फुटलेल्या मोरीत दगड रचले, कोणी मका-घेवड्याच्या उम्नगुशोचं पातेलं आणून झाडाखाली ठेवलं. खरं सांगतो, त्या आधीच्या सात महिन्यांत मी हसलो नव्हतो, ते तिथे हसलो. तिसऱ्या दिवशी दुपारी पोलीस आले. तरुण पोरगी होती, टोपी काढून म्हणाली, "बाबा, खाली उतरावं लागेल." मी म्हणालो, "एवढं वळण होऊ दे, अर्धवट सोडलं तर पाणी इथंच साचेल." ती गाडीला टेकून उभी राहिली आणि वळण पुरं होईपर्यंत थांबली. तिची आजी पलीकडच्या वस्तीत राहते म्हणे. मग तिने मला नेलं. वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी मी पहिल्यांदा कोठडी पाहिली.

त्याचाही राग नाही. कोणी यंत्र विचारल्याशिवाय नेलं तर तक्रार करावी लागते, हे मला कळतं. राग त्या कागदाचा आहे, जो तुझ्या कारकुनाने मागच्या आठवड्यात माझ्यासमोर ठेवला. सही करा, माफी मागा, प्रकरण मिटेल, मंगालिसो साहेबांनी तुमच्यासाठी खूप खटपट केलीय म्हणाला. वाचलं. लिहिलं होतं, म्हातारपण आणि दारूच्या अमलामुळे माझं भान सुटलं. दारू! मी एकोणीस वर्षांपूर्वी सोडली, तुझ्या बहिणीच्या डोक्यावर हात ठेवून, आणि साक्षीला तू उभा होतास. तुला हे लिहवलं कसं? मी चोर म्हणून तुरुंगात जाईन. पण रस्ता करणारा माणूस शुद्धीत नव्हता, असं लिहून देणार नाही. त्या तीन दिवसांत त्या अकरा किलोमीटरवर शुद्धीत असलेला तुमच्या खात्यातला मी एकटाच होतो, आणि मी तर निवृत्त.

आणि आता ते, जे मला कोठडीपेक्षा जड गेलं. सरकारने दिलेल्या वकीलबाईंनी मला फाइल दाखवली. त्यात तुमच्या आगाराने एक दाखला जोडलाय. मी विनाकारण यंत्र नेलं, कारण रस्ता आधीच उत्तम होता, हे सिद्ध करायला. दाखल्यात म्हटलंय की ड्वालेनीचा रस्ता, अकरा किलोमीटर, कंत्राटदाराने मुरूम टाकून, मोऱ्या बदलून पूर्ववत करून दिला, प्रत्यक्ष पाहणी केली. तारीख तीन फेब्रुवारी. सही तुझी. वकीलबाई विचारत राहिल्या, काका, पाणी देऊ का? रस्ता कागदावर आहे म्हणजे काय, ते मला तिथे कळलं. तू सही केलीस आणि सोळा दिवसांनी तुझी बहीण त्या उत्तम रस्त्यावरून ट्रॉलीत गेली. कोणी तुला काय दिलं, की दमात घेतलं, की येत्या मार्चमध्ये निवृत्त होताना डोक्याला ताप नको म्हणून तू नुसता पेन चालवलास, मला माहीत नाही. कोणतं उत्तर मला कमी जाळेल, तेही सांगता येत नाही. तुला सगळं ठाऊक होतं म्हणून तू आमच्या दाराशी आला नाहीस. मी आठ महिने नोझिबेलेला सांगत होतो, कामात असेल तो.

सोमवारी सुनावणी आहे. मी उभा राहून तो दाखला मॅजिस्ट्रेटसमोर वाचणार आहे आणि म्हणणार आहे, ही पाहणी झालीच नाही. परिचारिका येणार आहे, अँब्युलन्सचा चालक येणार आहे, नोफिकिले काठी टेकत येणार आहे. तुझी नोकरी जाईल, कदाचित त्याहून जास्त जाईल. हे मी तुला न कळवता करणार होतो. तू जसं केलंस तसंच. पण नोझिबेले तुझी बहीण आहे, तिला विचारल्याशिवाय करवेना. काल मी तिला फाइलमधलं सगळं वाचून दाखवलं, तारखेसकट. ती रडेल वाटलं, रडली नाही. मी विचारलं, सोमवारी बोलू ना? तिने मान हलवली, स्पष्ट, होय म्हणून. मग डावा हात माझ्या मनगटावर ठेवला आणि म्हणाली, "आधी लिही." मी विचारलं, कोणाला? तिला खूप वेळ लागला, ओठ जमेनात, पण तिने तुझं नाव घेतलं. पूर्ण, चारही अक्षरं मोडून पुन्हा जोडून. पडल्यापासून तिने कोणाचंही नाव घेतलेलं नाही, माझंही नाही. म्हणून हे लिहिलं. सोमवारी मी मागे हटणार नाही, ती आशा ठेवू नकोस. पण मोठा पाऊस अजून लागलेला नाही, तुझी गाडी थेट दारापर्यंत येईल. सोमवारच्या आत ये, आणि तिच्यासमोर बस.

रागावलेला, तरी तुझाच,
झोलिले