नथूच्या लॉरीवरची धूळ

मी, काशीराम गोमा भोईर, वय वर्षे सदुसष्ट, धंदा लॉऱ्या रंगवण्याचा, राहणार चिंचोटी, तालुका वसई, जिल्हा ठाणे, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्या दडपणाने किंवा गोड बोलण्याला भुलून नव्हे, तर माझ्या मर्जीने व माझ्या हाताने लिहीत आहे. छातीत पाणी झाले आहे असे डॉक्टर म्हणतात. हात मात्र अजून कापत नाही. सकाळी बारीक ब्रशने एक नंबरप्लेट काढून पाहिली आणि मगच लिहायला बसलो.

माझे लग्न झालेले नाही. जवळची माणसे दोन: बहीण हंसा, आणि माझा धाकटा भाऊ कै. नथू याची विधवा सत्यवती. हंसाचे यजमान शत्रुघ्न यांनी गेल्या महिन्यात आमच्या ओटीवर बसून सत्यवतीला सांगितले की, काशीराम गेला की घर बहिणीकडे येणार, तेव्हा तू माहेरी जायची तयारी ठेव. मी आत पडून ऐकत होतो. त्या बोलण्यामुळेच हे मृत्युपत्र होत आहे.

१. चिंचोटीचे राहते घर, मागची विहीर व फणसाची झाडे ही माझ्या स्वकष्टाची मिळकत आहे. माझ्या पश्चात ती सत्यवतीच्या संपूर्ण मालकीची होईल. तिने त्यात राहावे, ती विकावी, कोणाला द्यावी. कोणाचीही हरकत चालणार नाही. पोस्टातल्या शिल्लकेतून माझे दिवस साधेपणाने करावेत, उरेल ते तिचेच. हंसाला आईचे तांब्याचे घंगाळ द्यावे. लहानपणी त्यात बसण्यावरून आम्ही भांडत असू. तिच्यावर माझा राग नाही.

२. जन्मभर मी हायवेवर परक्यांच्या लॉऱ्या चकचकीत केल्या. त्यांवर मोर काढले, कमळे काढली, मालकांच्या पोरांची नावे काढली. घरी मात्र लाकडाच्या आणि पत्र्याच्या, खऱ्या गाडीच्या फुटाला अर्धा इंच मापाच्या लॉऱ्या करून त्यांवर धूळ चढवत बसलो. याला मी मळवणे म्हणतो. शत्रुघ्न चारचौघांत म्हणत, "कोरी गाडी मलवनारा येडा आख्ख्या तालुक्यात ह्यो एकच." त्यांना कपाटातली हिरवी लॉरी द्यावी. तिच्यावर धुळीचा कण नाही. ती मी त्यांच्यासाठीच कोरी ठेवली आहे.

३. माझे ब्रश, मलमलची चाळण, रंगखडूची पूड व टर्पेंटाइनच्या बाटल्या वसईचे मेकॅनिक, माझे मित्र गॅब्रिएल यांना द्याव्यात. त्यांचा हात जड आहे, म्हणून इथेच लिहून ठेवतो. धूळ पावडरीसारखी वरून शिंपडू नये. ती चाकाकडून वर चढते. आधी टर्पेंटाइनमध्ये कालवून पातळ हात द्यावा, वाळल्यावर कोरड्या ब्रशने वर पूड बसवावी. डिझेलच्या टाकीच्या तोंडाशी ती काळी आणि चिकट दिसली पाहिजे. आणि माणसाचा हात जिथे रोज लागतो तिथे धूळ ठेवूच नये, म्हणजे गाडी कोणाची तरी आहे हे कळते.

४. आता नथूची निळी लॉरी. नथू कामणच्या खाणीतून वसईला खडी वाहत असे. १९७३ च्या वैशाखात वळणावर लॉरी उलटली आणि तो जागीच गेला. ती भंगारात जाण्याआधी मी तिच्या मडगार्डवरची आणि दारांवरची धूळ झाडून डालड्याच्या डब्यात भरून आणली. तीच लॉरी लहान मापात केली आणि त्याच धुळीने मळवली. खाली रस्त्याची तांबडी, वर खडीची करडी. काचेवर वायपर फिरतो तेवढा भाग स्वच्छ ठेवला. चालकाच्या दारावर, नथू कोपर टेकवी तिथे, नखाएवढी जागा मोकळी ठेवली. डबा रिकामा झाला. धूळ कुठली हे मी घरात बोललो नाही.

१९७६ च्या दसऱ्याला मी पूजेचा झेंडू आणायला गेलो होतो. परत येतो तो सत्यवतीने ती लॉरी ओल्या फडक्याने लख्ख पुसून, कुंकू लावून पाटावर मांडलेली. मी ओरडलो. ती म्हणाली, "भाऊजी, दसऱ्याला त्यांची गाडी मलकी ठेवाची? लोक बोलतील, धनी गेला, आता पुसनारा कोन नाय."

मी म्हणालो, "ती नथूची धूल होती. त्याच्या खऱ्या गाडीवरची."

ती फडके हातात धरून उभी राहिली. त्या दिवसापासून मी तिच्याशी बोललो नाही. ती ताट वाढी, मी जेवून उठत असे. सात वर्षे एका छपराखाली असे काढली. लॉरी कपाटावर चकचकीत पडून होती, मी तिच्याकडे मान वर करून पाहिले नाही.

या श्रावणात मी अंथरूण धरले. तेव्हा तिने ट्रंकेतून एक पुडी काढून माझ्या उशाशी ठेवली. आत तेच फडके होते, वाळून पापडासारखे कडक झालेले.

"ह्या मी कदी धुतला नाय, भाऊजी."

मी रडलो. मृत्युपत्रात हे लिहीत नसतील, पण मी लिहितो.

आम्ही दोघांनी ते कागदावर चोळले, झटकले. चिमूटभर धूळ निघाली. साऱ्या गाडीला पुरणार नव्हती, चालकाच्या दाराला पुरली. कोपराची जागा सोडू लागलो तर ती म्हणाली, "आनखी वर. शिटावर गोनपाट घालून बसायचे ते." मी वर सोडली. पहिल्या वेळी ती जागा माझी चुकलीच होती.

निळी लॉरी सत्यवतीची आहे. तिच्याकडून ती कोणी मागू नये, काचेच्या पेटीत घालण्याचा शहाणपणा शिकवू नये. दसऱ्याला तिने ती पुसावी किंवा न पुसावी, ती तिची मर्जी. पुसल्यास फडके धुऊ नये.

याची अंमलबजावणी गॅब्रिएल यांनी करावी. त्यांना वाटा आहे म्हणून साक्षीला घेतले नाही, त्यांनी रुसू नये. याआधी मी दुसरे मृत्युपत्र केलेले नाही. हे लिहिलेले मी स्वतः मोठ्याने वाचून दाखवले आणि खालील दोघांच्या देखत सही केली. त्यांनीही माझ्यासमोर सह्या केल्या.

(सही) काशीराम गोमा भोईर

साक्षीदार:
१. (सही) जॉन तुस्कानो, राहणार वसई
२. (सही) दिवाकर विठ्ठल चौधरी, राहणार वसई

ठिकाण: चिंचोटी
दिनांक: ३ ऑक्टोबर १९८३