मधली खुर्ची

अप्पा, काल तुमची ती सीलबंद रेकॉर्ड फोडली. फोडली म्हणजे वरचं प्लास्टिक काढलं, उगीच दचकू नका. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी त्या कपाटाला हात लावण्याआधी मी अजून ओढणीला हात पुसते, इतकी दहशत. तुमच्या त्या लाडक्या गाणाऱ्या बाईंच्या एकाच मैफलीच्या दोन प्रती घेऊन ठेवल्या होत्यात, एक वाजवायची आणि एक जपायची. "रिटायर झालो की नवी सुई घेऊ, ही फोडू, आणि मी नि तुझी आई निवांत ऐकू," असं म्हणायचात. रिटायर व्हायच्या आधीच गेलात. आणि ते घट्ट प्लास्टिक मीरा रोडच्या एकेका उन्हाळ्यात आवळत गेलं, आतली तबकडी पापडासारखी वाकडी झाली. सुई ठेवली की उडी मारते. जपून जपून वाट लावलीत तुम्ही. चार वेळा वाजवून बाहेर ठेवली असतीत, तर धड राहिली असती.

आता विचाराल, हात लावलाच कशाला? आईसाठी. तिचा डावा कान गेलाय आणि उजवाही उतरणीला लागलाय. डॉक्टरांकडून येताना रिक्षात म्हणाली, "मला एकदा ह्यांच्या खुर्चीत बसून ती बाई ऐकायची आहे. एवढं काय ऐकायचे ते बघू दे तरी, कान आहे तोवर." मला आधी हसू आलं आणि मग तुमचा असा राग आला म्हणून सांगू. एवढीशी बैठकीची खोली आपली, त्यात तिला ती खुर्ची कधी मिळू नये?

कशी मिळणार? दोन स्पीकरच्या बरोब्बर मध्ये ती खुर्ची, तिथेच बसलं की दोन्ही कानांना मिळून बाई समोर येऊन बसतात म्हणायचात, खाली फरशीवर खडूच्या खुणा, आणि केर काढताना आईने जरा सरकवली की तुम्ही घर डोक्यावर घ्यायचात. रविवारची सकाळ म्हणजे तर शिक्षाच. तुम्ही खिडक्या लावताय, पंखा बंद करताय, फ्रिज घरघरतो म्हणून त्याचा प्लग काढताय. शिटी होईल म्हणून आई कुकर लावत नाही, डाळ पातेल्यात शिजवत बसते. मला खोकला आला की मी बाथरूममध्ये. समोरच्या गुजराती काकूंनी एकदा घाबरून विचारलं होतं, "भाभी, सब बंद क्यूँ है? कोई गुजर गया क्या?" आणि एकदा प्लग परत लावायला विसरलात, तर चौक गावच्या कोळणीकडून घेतलेली सगळी पापलेटं वास मारायला लागली. तेव्हासुद्धा आई एवढंच म्हणाली, "आता त्या बाईंनाच सांगा मासे आणायला." तुम्ही हसलात. मी आजही हसणार नाही त्यावर.

तर वाकडी ठेवली बाजूला आणि तुमची झिजलेलीच लावली. आई खुर्चीत बसली, हात मांडीवर घेऊन, पहिल्या बाकावरच्या मुलीसारखी. नवी साडी नेसली होती, अप्पा. बाई सूर लावतायत, आई एकदा माझ्याकडे बघतेय, एकदा स्पीकरकडे. मान जरा उजवीकडून पुढे काढतेय. बाजू संपल्यावर म्हणाली, "एवढंच? हे तर मला ओट्यापाशीही असंच ऐकू यायचं." मग थोड्या वेळाने, "मला वाटलं होतं, इथे काहीतरी वेगळं असेल." मी म्हटलं, "हो गं, एवढंच असतं." दुसरं काय सांगणार? एका कानाला कसली आलीय मधली जागा? तिचे दोन्ही कान धड होते तेव्हा एका रविवारी, एकाच रविवारी, उठून तिला बसवलं असतंत तर काय बिघडलं असतं तुमचं?

आज ती देवळात गेल्यावर मी स्वतः बसले. तुमचं सगळं थोतांड होतं, हे मला पक्कं करून घ्यायचं होतं. पंखा बंद केला, प्लगही काढला. आणि बाई समोर येऊन बसल्या. भिंतीवर नुसतं कॅलेंडर आहे, त्याच्या खाली, हाताने दाखवता येईल अशा जागी. एक तानपुरा या हाताला, एक त्या हाताला, आणि सुराआधी घेतलेला श्वाससुद्धा कळत होता. तुम्ही सांगायचात ते सगळं खरं होतं. खोटं निघालं असतं तर मी तुम्हाला माफ केलं असतं.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीये, तुमच्यासमोर बोलले नसते म्हणून लिहिलं. आई परत आली तर मी तशीच घामाने निथळत बसलेली. "पंखा बंद करून काय बसलीस? रडतेस का?" तिने विचारलं.

मी तिच्या उजव्या बाजूला गेले आणि जरा मोठ्याने म्हटलं, "डोकं दुखतंय."