एका खुर्चीत दोघी

मंगळवार, ९ जानेवारी १९९०

पत्र आलं! लंडनच्या मान्यता मंडळाचं. तीन महिने वाट पाहिली ती या चार ओळींसाठी. "आपण पाठवलेलं पदवीपत्र मिस यमुना काशीनाथ ठोसर यांचं आहे. अर्ज मात्र मिसेस मंजिरी जगदीश सबनीस यांचा आहे. कृपया स्वतःचं पदवीपत्र पाठवावं."

स्वतःचंच आहे हो ते!

म्हणजे झालं असं – संस्कृतात बी.ए., मग मुंबईची एम.एस.डब्ल्यू., हे सगळं यमुनेनं केलं. मंजिरीनं काय केलं? लग्न केलं, बर्मिंगहॅमला आली, आणि गेली चौदा वर्षं नगरपालिकेच्या समाजसेवा खात्यात, एरिया ऑफिसात, 'असिस्टंट' म्हणून म्हाताऱ्या माणसांच्या घरी जाते आहे. इथल्या मंडळानं तिकडची पदवी मानली तरच 'सोशल वर्कर' म्हणवून घ्यायचं. आजवर कुणी फारसं मनावर घेत नव्हतं. आता ऑफिसनं नियम कडक केलाय – वृद्धांच्या केसमध्ये मत नोंदवायचं ते मान्यता असलेल्यानंच. बाकीच्यांनी फॉर्म भरावेत, दुभाषेपणा करावा आणि चहात दूध किती ते विचारावं.

जगदीशनी पत्र दोनदा वाचलं. म्हणाले, "बरोबर आहे त्यांचं. माझं लग्न मंजिरीशी झालं. यमुना ठोसरांशी माझा परिचय नाही."

इंजिनियर माणूस. विनोद करतानाही नटबोल्ट तपासून करतो.

शुक्रवार, १२ जानेवारी

मंडळाला खुलासा लिहिला. आमच्याकडे लग्नात मुलीचं आडनाव बदलतं. मधलं नाव वडिलांचं असतं, तिथे नवऱ्याचं येतं. आणि पुष्कळ घरांत पहिलं नावही बदलतात – ताटात तांदूळ पसरून नवरा अंगठीनं त्यावर नवं नाव लिहितो. 'यमुना' आमच्या नणंदबाईंना जुनाट वाटलं, म्हणून 'मंजिरी'.

टाइप करून वाचून पाहिलं. पोलिसात दिलेली फिर्याद वाटते – मुलगी पळवली, ओळख पुसली!

न्यायशास्त्र शिकवताना गुरुजी सांगायचे : काल तिथे पाहिलेला देवदत्त आज इथे दिसला, की 'तोच हा' असं जे ज्ञान होतं ती प्रत्यभिज्ञा. देवदत्ताकडे कुणी फोटोकॉपी मागितल्याचं स्मरत नाही.

मंगळवार, २३ जानेवारी

आज हसू येईना.

रंभाबाई साळवी. वय चौऱ्याहत्तर, स्पार्कब्रुकला एकट्या राहतात. नवरा फाउंड्रीत होता, वारला. मुलगा मोहन साउथहॅम्प्टनच्या हॉस्पिटलात कामाला. इंग्रजी म्हणजे 'येस', 'नो' आणि 'टू मच'. त्यांची केस ट्रेव्हरकडे. ट्रेव्हर चोवीस वर्षांचा, गेल्या वर्षी पास झाला. फाइल कशी लावायची ते मी शिकवलं. आता तो माझ्या रजेच्या अर्जावर सही करतो.

तर ट्रेव्हर डॉक्टरांना घेऊन त्यांच्याकडे गेला होता; मोडक्या हिंदीतून दुभाषेपणा शेजारणीनं केला. "नाव काय?" – "भीमा." फाइलवर रंभा. "साल कोणतं?" – त्यांनी भलतंच सांगितलं. शेजारीण म्हणते, पहाटे भिंतीशी बोलतात. झालं! ट्रेव्हरनं लिहिलं : "डिसओरिएंटेड अ‍ॅज टु सेल्फ" – म्हणजे आपण कोण याचंच भान नाही. शिफारस – बीचक्रॉफ्ट वृद्धनिवास. अठ्ठावीस मार्चला केस कॉन्फरन्स. तिथे ठरलं की बाईंचं घर सुटलं.

अरे, भीमा हे त्यांचं माहेरचं नाव! आणि पहाटे भिंतीशी नाही, भिंतीवरच्या देवाच्या तसबिरीशी बोलत असतील. मी ट्रेव्हरला सांगितलं. तो भला मुलगा आहे, मान हलवली. म्हणाला, "दॅट्स रिअली इंटरेस्टिंग, मंजिरी. पण तुझं मत मला नोंदवता येत नाही ना."

संध्याकाळी बाईंकडे गेले. खिडकीपाशी बसल्या होत्या. दोन स्वेटर, वर शाल. मी हात हातात घेतला – "रंभाबाई, तुम्हाला या घरातून कुणी हलवणार नाही. मी आहे ना."

त्यांनी एवढा मोठा सुस्कारा सोडला!

तर अठ्ठावीस मार्चच्या आत मान्यता हवी. गंमत संपली.

गुरुवार, १ फेब्रुवारी

मंडळाचं उत्तर. सही मिस्टर पेटिफर. अक्षर सुरेख, सौजन्य ओसंडून वाहणारं. "तांदळाची साक्षांकित प्रत पाठवता येईल का? मूळ तांदूळ उपलब्ध असल्यास उत्तम."

लिहिलं – मूळ दस्तऐवजाचा दुसऱ्या दिवशी भात झाला.

शुक्रवार, २ फेब्रुवारी

जगदीशना विचारलं, ती अंगठी तरी आहे ना? – "घट्ट होत होती. मोडली." कलम गेलं, कागद गेला!

शनिवार, १० फेब्रुवारी

अल्बम काढला. मीनल मदतीला. वय सतरा, जन्म इथलाच. तिच्या मराठीत नपुंसकलिंग हरवलंय. आम्ही शोधणं सोडून दिलं.

"आई, ही लेडी कोण? ओ माय गॉड, तू आहेस? किती बारीक होता तू!"

"होतीस."

"होतीस. आणि तुझा नाव चेंज केला तेव्हा तू काय बोललीस?"

"मान खाली घालून बसले होते."

"तू? मान खाली?" फोटो उलटा करून पाहिला – दुसरीच बाई असल्याचा पुरावा तिला तिथेच मिळाला असावा. "मग लीगली तू माझी आई आहेस की माझी आंटी?"

तांदळाचा फोटो सापडला! ताट स्पष्ट, तांदूळ स्पष्ट, अंगठीचं बोट स्पष्ट, आणि नावावर भटजींचं कोपर. शेवटची 'री' तेवढी दिसते. तीच मोठी करून पाठवली. भटजींच्या कोपराबद्दल दिलगिरीही कळवली.

गुरुवार, २२ फेब्रुवारी

रंभाबाईंना बीचक्रॉफ्टला नेलं – 'ट्रायल व्हिजिट', ट्रेव्हरच्या आदेशावरून. मी दुभाषी. गरम खोल्या, जाड गालिचे, सोफ्यावर ओळीनं मांडलेल्या म्हाताऱ्या. एक शांताबेन म्हणून गुजराती बाई आहेत. दोघी तासभर हातात हात घालून खिदळत होत्या. एक मराठीत, एक गुजरातीत. बिचाऱ्या! आतलं दुःख झाकायला माणूस काय काय करतं.

रंभाबाईंनी कस्टर्ड दोनदा मागून घेतलं. परतताना गाडीत कुठल्या खोलीत किती खाटा, कुणाला कुठली औषधं, सगळं तोंडपाठ सांगितलं. स्मृती गेलेल्या माणसाची ही लक्षणं? टिपून ठेवलं. कॉन्फरन्सला उपयोगी पडेल.

घरी सोडलं तर जिन्याच्या पहिल्या पायरीवरच बसून राहिल्या, वर नजर लावून. घराची ओढ म्हणतात ती ही.

मंगळवार, ६ मार्च

पेटिफरना 'री' पुरेशी वाटली नाही. नवऱ्याचं प्रतिज्ञापत्र हवं. जगदीशना घेऊन सॉलिसिटरकडे.

"मिस ठोसर यांना तुम्ही किती काळ ओळखता?"

जगदीश विचारात पडले. प्रतिज्ञेवर खोटं बोलायचं नाही, हा त्यांचा बाणा. "बघण्याच्या कार्यक्रमात भेटलो. वीस मिनिटं. तिनं पोहे आणले होते."

"त्यानंतर?"

"त्यानंतर मिस ठोसर मला दिसल्या नाहीत."

सॉलिसिटरनं शब्दशः उतरवून घेतलं! मी मध्ये बोलायला गेले तर म्हणे, "प्लीज, मिसेस सबनीस. हे तुमच्याबद्दल नाही."

गाडीत बसल्यावर म्हटलं, "अहो, काय केलंत हे!"

"खरं तेच सांगितलं. पोहे चांगले झाले होते, तेही सांगणार होतो."

"पोहे आईनं केले होते."

"बघ! म्हणजे तिच्याबद्दल मला वीस मिनिटांचीसुद्धा माहिती नाही."

सोमवार, १९ मार्च

दोन पाकिटं. एकाच दिवशी, एकाच पत्त्यावर.

पहिलं – मिस यमुना ठोसर यांना, केअर ऑफ मिसेस सबनीस. "आपली पदवी मान्य करण्यात येत आहे. आपण या देशात सोशल वर्कर म्हणून काम करण्यास पात्र आहात."

दुसरं – मिसेस मंजिरी सबनीस यांना. "आपला अर्ज नामंजूर. आपल्याकडे पदवी नाही. तथापि, आपण एखाद्या मान्यताप्राप्त व्यक्तीच्या देखरेखीखाली अनुभव घ्यावा असं सुचवतो – उदाहरणार्थ मिस ठोसर, ज्या आपल्याच घरी राहत असल्याचं दिसतं."

मीनल हसता हसता खुर्चीवरून पडली. मीही हसले. मग मोरीत जाऊन रडले. नऊ दिवस उरलेत. बाई तिकडे खिडकीत बसल्या असतील, आणि त्यांच्या बाजूनं बोलायला जी पात्र आहे ती अस्तित्वात नाही!

मंगळवार, २० मार्च

बार्बराला दोन्ही पत्रं दाखवली. बार्बरा आमची टीम लीडर – सिगरेट, खोकला आणि सोन्यासारखं मन. तिनं वाचलं. सिगरेट विझवली. पुन्हा वाचलं.

"अठ्ठावीसला मिस ठोसर मोकळ्या आहेत का?"

"डायरी बघून सांगावं लागेल," मी म्हटलं.

"बघ. बाहेरच्या सोशल वर्करचं मत कुणालाही मागवता येतं. तसा नियम आहे. मी मागवते. आणि हे बघ, मंजिरी, तू पण ये. मिनिट्स लिहायला कुणीतरी हवंच."

बुधवार, २८ मार्च

कॉन्फरन्स झाली.

टेबलावर दोन पाट्या : 'मिस वाय. ठोसर' आणि 'मिसेस एम. सबनीस'. खुर्ची एकच. पाट्या बार्बरानं स्वतः लिहिल्या होत्या, आणि ती छताकडे बघत होती.

ट्रेव्हरनं अहवाल वाचला. अध्यक्ष म्हणाले, "मिस ठोसर, आपलं मत?"

ट्रेव्हर उडालाच. "पण ही मंजिरी आहे!"

अध्यक्षांनी पत्रं पुढे सरकवली. "मंडळाच्या मते या दोन व्यक्ती आहेत."

"अहो, एकच बाई आहे ही! तिला दोन नावं आहेत, एवढंच! लग्नाआधीचं एक आणि—"

आणि थांबला. पोरगा हुशार आहे, मी मघाशीच लिहिलं नाही का? लिहिलं नसेल तर आता लिहिते. स्वतःच्याच अहवालाकडे बघत राहिला.

"डिसओरिएंटेड अ‍ॅज टु सेल्फ?" मी हळूच विचारलं.

बार्बरा खोकली.

मग मी चांगली वीस मिनिटं बोलले. भीमा म्हणजे काय ते सांगितलं. पहाटे देवाशी बोलणं हा आजार धरला तर प्रत्येक बिशपला बीचक्रॉफ्टमध्ये खाट द्यावी लागेल हेही सांगितलं. खाटा, औषधं, कस्टर्ड – तल्लख स्मृतीचे सगळे पुरावे मांडले. मध्येमध्ये माझंच बोलणं लिहून घ्यायला थांबत होते. "मिस ठोसर फार वेगानं बोलतात," अशी नोंदही केली.

अध्यक्षांनी विचारलं, बाहेर बसलेल्या बाईंना आत बोलवायचं का? पण दुभाषी मिसेस सबनीस, आणि त्या मिनिट्समध्ये गुंतलेल्या. राहिलं.

निर्णय : रंभाबाईंनी स्वतःच्या घरीच राहावं. एकमतानं! ट्रेव्हरचंही मत आमच्या बाजूनं.

बावीस वर्षांनी यमुना कुठेतरी उपयोगी पडली. बसमधून येताना तिचा फार अभिमान वाटला.

मंगळवार, ३ एप्रिल

पेटिफरना मिनिट्सची प्रत बार्बरानं परस्पर पाठवली होती. उलट टपाली उत्तर : "दोन्ही नावं, एक खुर्ची, आणि अध्यक्षांची सही असलेला हा पहिलाच ब्रिटिश दस्तऐवज आमच्यासमोर आला आहे. सबब आपण दोघी एकच आहात हे मंडळास मान्य आहे." सोबत मान्यतापत्र. खरंखुरं, शिक्क्यासकट! त्यावर नाव : यमुना मंजिरी काशीनाथ जगदीश ठोसर-सबनीस. लांबट सामासिक पद झालंय. पण विग्रह मी करीन.

जगदीशनी उठून शेकहँड केला. "मिस ठोसर, आपण अजिबात बदलला नाहीत."

सेहेचाळिसाव्या वर्षी सोशल वर्कर!

गुरुवार, ५ एप्रिल

पेढे घेऊन रंभाबाईंकडे गेले. म्हटलं, झालं, आता कायम इथेच राहायचं, कुणी हलवणार नाही. पेढा हातातच धरून त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुला कुणी सांगितलं होतं गं मधी पडायला? त्या पोराला नाव भलतं सांगितलं, डागदरला साल भलतं सांगितलं, रोज पहाटे शेजारणीला ऐकू जाईल असं भिंतीशी भांडले – किती मेहनतीनं येडी झाले होते मी!"